बैठकीतला घाट

काकू गेल्या त्या दिवशी दुपारी त्यांच्या नणंदेनं बैठकीत खुर्च्या मांडल्या. खुर्च्या मंडपवाल्याकडून आणल्या होत्या. लोक आले आणि बसले.

मी जिन्यात उभी राहून पाहत होते. गेल्या काही वर्षांत त्या खोलीत मी खुर्ची पाहिली नव्हती. काकूंनी ती खोली चालण्यासाठी मोकळी ठेवली होती.

त्याच दुपारी गल्लीत बोलणं सुरू झालं. "त्या डब्यानंच नेलं बाईले. म्हतारपनी डोळ्याले डबा लावून फिरायचं काही काम हाय का?" लोक अजूनही तसं म्हणतात, म्हणून मला हे एकदा लिहून ठेवायचं आहे. काकू चालताना गेल्या नाहीत. सकाळी स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या, तेव्हा गेल्या. पाटावर बसल्या होत्या.

अमरावतीला परतवाड्याच्या रस्त्याकडे त्यांचं घर आहे. खाली ते दोघं, वर मी भाड्यानं. मी मूळची अकोल्याची, इथल्या एका कॉलेजात ग्रंथपाल. काकू जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, काका एसटीत ड्रायव्हर. नोकरीतली बहुतेक वर्षं त्यांनी परतवाड्याहून धारणीला जाणाऱ्या घाटात गाडी चालवली. माणूस मुळात कमी बोलणारा. अर्धांगवायूनं उरलेलं बोलणंही नेलं. उजवी बाजू गेली. डावा हात तेवढा राहिला.

त्याआधीच्या काकू मला आठवतात त्या रस्त्यावरच्या. रोज पहाटे फिरायला निघत आणि रस्त्याच्या मधोमध चालत. मागून मोटरसायकली हॉर्न वाजवत, काकू हलत नसत. मी एकदा त्यांच्यासोबत गेले आणि पहिल्याच हॉर्नला कडेच्या नालीजवळ सरकले. काकू थांबून माझी वाट पाहत राहिल्या. म्हणाल्या, "मॅडम, तो हॉर्न वाजवून राहिला म्हनजे त्याले आपन दिसून राहिलो. मंग काहून भ्यायचं?"

त्यांचे वडील गावात मजुरी करत. गावातून पायात चप्पल घालून जायची सोय त्यांच्या लहानपणी नव्हती. पुढे ते दिवस सरले. मुलीला शाळेत घालायला ते परतवाड्यापर्यंत पायी घेऊन गेले, तेव्हा वाटेत त्यांनी एकच गोष्ट सांगितली: चालायचं तर मधून चाल. काकूंनी ती गोष्ट वडिलांचं नाव न घेता शाळेतल्या पोरांना सांगितली, मला सांगितली, गल्लीतल्या कुत्र्यालाही सांगताना मी ऐकलं आहे.

काका अंथरुणाला खिळले आणि हे फिरणं बंद झालं. त्यांना थोड्या थोड्या वेळानं कुशीवर वळवावं लागे. कामाला येणारी बाई सकाळचं आटोपून जाई. बाकी दिवसभर काकू. दुकानात जायचं तर मला हाक मारून, आणि तेही घाईनं. त्या तक्रार करत नसत. फक्त संध्याकाळी ओसरीवर उभ्या राहून पाय आपटत. मी एकदा विचारलं, पाय दुखतात का? "दुखत नाही," म्हणाल्या, "पायाले भूक लागते."

मुलगी पुण्याला कंपनीत. ती दिवाळीच्या सुट्टीत आली तेव्हा व्हीआरचा हेडसेट, डोळ्यांसमोर आभासी जग दाखवणारा डबा, घेऊन आली. आईला सोफ्यावर बसवलं, तो डोळ्यांवर चढवला, हातात दोन कांड्या दिल्या आणि सांगितलं, "आई, फक्त अंगठ्यानं पुढे ढकल. जंगलात फिरशील. जागचं उठायचीही गरज नाही."

काकूंनी अंगठ्यानं ढकलून पाहिलं. मग हेडसेट कपाळावर सरकवला.

"बसून जायले मी काय पार्सल हाय?"

"अगं, तसंच वापरतात सगळे."

"वापरू दे त्यायले. मले पाय हाय."

त्या उठल्या, हेडसेट खाली ओढला, चालायला लागल्या आणि टीपॉयवर आदळल्या. मुलगी ओरडली. काकू गुडघा चोळत म्हणाल्या, "मंग टीपॉय काढा."

टीपॉय निघाला. त्यामागून शोकेस, टीव्हीचं टेबल, कोपऱ्यातलं कपाट. ते सगळं माझ्या खोलीत आलं. काकूंना शाळेत मिळालेल्या ढाली आणि स्टीलची तबकं माझ्या पलंगाच्या उशाशी आली. जागा उरली नाही, असं मी हळूच म्हटलं. त्यावर म्हणाल्या, "मॅडम, तुमी तर वाचता. वाचायले कितीशी जागा लागते?"

सोफा राहिला होता. परतवाड्याच्या सागवानाचा, काकांनी स्वतः उभं राहून करून घेतलेला. काकूंनी एका सकाळी टेम्पो बोलावला आणि तो विहाराला देऊन टाकला. विहारात लोक प्रवचन ऐकत बसतात, तिथं तो कामाचा, हे त्यांचं कारण. अकोल्याहून नणंदेचा फोन आला. तिला मी आत्या म्हणते. आत्यांचा आवाज जिन्यातून वरपर्यंत यायचा. पण दान विहाराला गेलं होतं. परत आणा म्हणता येईना. तो बेत काकूंनी आधीच केला होता, असं मला वाटतं.

आता त्या चालण्याविषयी. हेडसेटमधल्या एका कार्यक्रमात अशी सोय होती की आधी त्याला आपली खोली दाखवायची. मग तो त्या खोलीत मावेल असा रस्ता आखायचा. रस्ता सरळ नसे. वळणामागून वळण, डोंगराला लपेटून वर जाणारं. डोळ्यांना वाटावं आपण चढत दूर चाललो आहोत. पाय मात्र खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून भिंतीतल्या देवळीपर्यंत, तिथून पुन्हा खिडकीकडे. डोंगर कुठल्या तरी परदेशातला होता. उंच टोकदार झाडं, माथ्यावर बर्फ. काकूंनी पहिल्या संध्याकाळी तो पाहिला आणि आतल्या खोलीत पडलेल्या काकांना तिथूनच ओरडून सांगितलं, "अवं, हा तर घाट हाय. आपला घाट हाय."

तेव्हापासून त्या बर्फाला कधी बर्फ म्हणाल्या नाहीत. झाडांना सागवान म्हणत.

मी एकदा विचारलं, "काकू, तुम्हाला माहीत आहे ना की तुम्ही गोल गोल फिरताय?"

"मालूम हाय ना. घान्याचा बैलबी गोल फिरते. पन बैलाले घाटातलं सेमाडोह दिसत नाही. मले दिसते."

एक अडचण होती. भिंत जवळ आली की हेडसेट समोर निळी जाळी दाखवी, माणूस आपटू नये म्हणून. काकूंना ती जाळी खपली नाही. जंगलात कुठं जाळी असते का, म्हणाल्या. कुठलं तरी बटण शोधून त्यांनी ती बंद केली आणि मुलीला कळवलं नाही. मग धान्याची रिकामी पोती आणली, उसवली आणि तरटाच्या रुंद पट्ट्या शिवून चारही भिंतींच्या कडेनं अंथरल्या. मधली फरशी गुळगुळीत, कडेला तरट. त्या अनवाणी चालत. तळव्याला तरट टोचलं की समजायचं, कड आली. वळायचं आणि मधे यायचं.

मी हेडसेट एकदाच लावून पाहिला. दोन वळणांतच दोन्ही हात पुढे करून भिंत शोधू लागले. मागून आवाज आला, "हात खाली, मॅडम. मधून चाला. कड आली की पाय सांगते." मी हेडसेट काढून दिला. त्यांच्या वर्गात असते तर त्यांनी मला पुढच्या बाकावर बसवलं असतं.

त्या हेडसेटला टोपरं म्हणत. पाच वाजत आले की काकांना कुशीवर वळवायचं, पाणी पाजायचं, दोन्ही खोल्यांमधलं दार उघडं ठेवायचं. मग, "टोपरं घालते," असं काकांना सांगून त्या निघायच्या. चालताना मोठ्यानं बोलत. आता वळण आलं. आता खाली दरी. इथं रानगवा उभा राहायचा. ऐकणारा एकच होता आणि तो बोलू शकत नव्हता.

पहिले काही दिवस काका नुसते पडून होते. एका संध्याकाळी काकू वळणं सांगत पुढे निघाल्या आणि आतून ठक ठक आवाज आला. काका डाव्या हातातल्या चमच्यानं पलंगाच्या लोखंडी दांडीवर वाजवत होते. काकू धावत आत गेल्या. मीही खाली उतरले. पाणी नको होतं. कूस नको होती. उशी नको होती. काका चमचा सोडेनात. काकूंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि कमरेवर हात ठेवला.

"हो का. मी टपरी सोडून पुढं आली काय?"

काकांनी चमचा खाली ठेवला.

त्या वळणावर एक टपरी होती. धारणीची गाडी तिथं थांबायची आणि काका चहा प्यायचे. काकूंनी चहा केला. काकांना चमच्यानं पाजला, स्वतः उभ्यानं प्यायल्या, मला दिला, आणि पुन्हा टोपरं चढवून पुढची वाट धरली. नंतर रोज तसंच होई. एखादं वळण आधी सांगितलं की दांडी वाजे. "बरं बरं," काकू म्हणत, "गाडी तुमची हाय."

आजारी माणसाला भेटायला येणाऱ्यांचा काकूंना राग होता. आमच्याकडे ही रीत मोठी. सफरचंदं किंवा बिस्किटाचा पुडा घेऊन यायचं, बैठकीत बसायचं, सुस्कारे टाकायचे, आपल्या ओळखीतला कोण याच दुखण्यानं कसा गेला ते सांगायचं आणि चहा घेऊन जायचं. काकूंच्या घरी बसायला काहीच नव्हतं. माणसं या पायावरून त्या पायावर होत आणि लवकर निघत.

काकांचे एक जुने सोबती आले होते. त्यांनी खोलीभर नजर फिरवली.

"वहिनी, बसायले काही नाही का वो?"

"नाही. उभ्यानंच बोला. थोडक्यात होते."

"मी काय म्हनतो, पलंग इथं बैठकीत घ्या ना. लोकायले भेटायले सोपं जाईन."

"लोकायले सोपं जावं म्हनून ते बिमार नाही पडले, भाऊ."

सोबत्यांनी सफरचंदाची पिशवी खिडकीत ठेवली. आत जाऊन काकांचा डावा हात धरून मात्र ते बराच वेळ उभे राहिले. ते पाहून काकूंनी त्यांना चहा दिला.

बायकांचं बोलणं खिडकीतून येई. नवरा आत पडला अन् हे बाहेर डबा लावून नाचते. एकदा काकूंनी ऐकलं आणि टोपरं कपाळावर सरकवून तशाच फाटकापर्यंत गेल्या. "नाचून नाही राहिली, चालून राहिली," म्हणाल्या. "नाचायचं ठरलं की बोलावीन सगळ्यायले." आणि परत येऊन जिथं थांबल्या होत्या तिथून पुढे निघाल्या.

पुढच्या उन्हाळ्यात आत्या आठ दिवस राहायला आल्या. भावाचं करायला आल्या होत्या आणि खरोखर करत होत्या. त्यांच्या हाताला काम लागे. त्यांनी भांडी घासली, गाद्या उन्हात टाकल्या, घर धुतलं. ते तरट त्यांच्या डोळ्यांत खुपत होतं. भावाचं घर गोठ्यासारखं दिसतं, असं त्या मला दोनदा म्हणाल्या. काकू दुपारी काकांचं अंग पुसत होत्या तेव्हा आत्यांनी सगळ्या पट्ट्या उचलल्या, धुतल्या आणि गच्चीवर वाळत घातल्या. त्यांच्या जागी भिंतीकडेनं सतरंजी अंथरली. लोक निदान खाली तरी बसतील. त्यांनी ते चांगल्या मनानं केलं, हे मी कुणासमोरही सांगेन.

पाच वाजता काकू टोपरं चढवूनच आतल्या खोलीतून बाहेर आल्या. पायाखाली सतरंजी लागली. ती मऊ होती. पायानं काही सांगितलं नाही. त्या पूर्ण पावलानं खिडकीच्या चौकटीवर गेल्या आणि हातावर पडल्या. मनगट मोडलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी पुण्याहून आली. आईचं प्लास्टर पाहिलं, वडिलांजवळ बसली, रडली आणि हेडसेट आपल्या बॅगेत टाकला. फर्निचरच्या दुकानात जाऊन नवा सोफा पाहून आली. आत्या तिच्या बाजूनं होत्या.

"आई, उद्या तू आणखी पडलीस तर बाबांचं कोण करणार?"

आम्ही चौघी बैठकीत उभ्या होतो. काकूंचा हात झोळीत होता.

"अन् मी चालली नाही तर त्यायचं करनारी उरीन कोन?" काकू म्हणाल्या. "तू म्हनशीन, आई हाय. कुठची आई? दिवसभर पलंगाजवळ बसून म्या त्यायच्यासारखंच व्हायचं काय? एक दुखनं घरात हाय तेवढं पुरं."

"पण हे खरं चालणं नाहीच आहे, आई. तुला फसवतंय ते. तू या खोलीतच असतेस."

"मी या खोलीतच असते हे मले कोनी सांगायची गरज हाय?"

काकूंनी खुंटीवरचा उन्हात बांधायचा दुपट्टा डाव्या हातानं काढला. डोळ्यांवर धरला. एका हातानं गाठ बसेना. त्या वळल्या त्या थेट आत्यांकडे.

"बाई, गाठ मारून द्या."

"मी नाही मारत," आत्या म्हणाल्या.

"तुमीच मारा. कच्ची मारू नका."

आत्यांनी गाठ मारली. रागात होत्या, आवळून मारली.

"आता तरट आना गच्चीवरून."

आत्या जागच्या हलल्या नाहीत. काकू डोळे बांधून खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या. वाट पाहताना माणूस भिंतीला टेकतो, कुठं तरी हात लावतो. त्यांनी काहीच केलं नाही. आतल्या खोलीत पंखा फिरत होता. शेवटी आत्या जिना चढून वर गेल्या आणि पट्ट्यांचा भारा छातीशी धरून खाली आल्या. वाकून त्यांनी सतरंजी गुंडाळली आणि तरट एकेका भिंतीला लावत गेल्या.

"धुतलं हाय वहिनी. आता टोचनार नाही."

"टोचलं पाहिजे, बाई. त्याच्यासाठीच हाय."

मग त्या चालल्या. डोळ्यांवर दुपट्टा होता. परदेशातला डोंगर बॅगेत होता. त्या वळण सांगत, वळत, तरटाला पाय लागला की मधे येत, दरी सांगत, सागवान सांगत चालत राहिल्या. काकू पडल्यापासून काका चमचा हातात घेत नव्हते. मुलगी दारात उभी राहून आळीपाळीनं दोघांकडे पाहत होती.

आतून ठक ठक झालं.

"आली का टपरी?" काकूंनी विचारलं. मी सांगितलं, आली.

चहा मुलीनं केला. ती पुण्याला परत गेली त्या सकाळी हेडसेट बैठकीच्या खिडकीत ठेवलेला होता. सोफा आला नाही.

त्यानंतर काकू तीन उन्हाळे चालल्या. मनगट थोडं वाकडंच जुळलं. त्या हातानं पोळी लाटताना कड जाड राहायची. "ते कडेचं हाय," म्हणायच्या, "मधून खा."

काकू गेल्यानंतर पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, जेवणं झाली, माणसं पांगली. खुर्च्या दुसऱ्या दिवशी जायच्या होत्या. संध्याकाळी मी, आत्या आणि मुलगी बैठकीत खुर्च्यांवरच बसलो होतो. आतून आवाज आला. काका दांडी वाजवत होते.

मुलगी पाणी घेऊन गेली. आत्यांनी कूस बदलून पाहिली. काकांना काय हवं ते मला कळत होतं, आणि त्या दोघींनाही कळत असावं. घड्याळात पाच वाजून गेले होते.

आत्या बाहेर आल्या आणि एकावर एक खुर्च्या ठेवू लागल्या. मी दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली. सगळ्या ओसरीवर नेल्या. खुर्च्यांसाठी तरट कोपऱ्यात सारून ठेवलं होतं. आत्यांनी ते पुन्हा भिंतींना लावलं, गुडघ्यावर बसून, दाबून. खिडकीतलं टोपरं मुलीनं माझ्या हातात दिलं.

मी म्हटलं, मला घाट माहीत नाही.

"भावाले मालूम हाय," आत्या म्हणाल्या.

मी चप्पल काढली. टोपरं चढवलं. टोकदार झाडं आली, बर्फ आला. हात पुढे होऊ लागले, ते खाली घेतले. मी म्हणाले, काका, निघाले. पुढचं वळण मी चुकीचं सांगितलं आणि दांडी वाजली. मी पुन्हा सांगितलं. तळव्याला तरट टोचलं तेव्हा मी वळले.

आत्या त्यानंतर अकोल्याला परत गेल्या नाहीत. भावाजवळ राहतात. लोक येतात, डब्याचं बोलतात, उभे राहून जातात. बैठकीत खुर्ची नाही. भिंतीकडेनं तरट आहे. काका आहेत, त्यांच्या हातात चमचा आहे. संध्याकाळी मी खोलीच्या मधून चालते. चहा त्याच वळणावर होतो.